आज आमच्या लॉबीत बॅट चालली

मंडळी, ऐका.

तुम्ही शिव्या घालता त्याच भिकार, बग्जनी भरलेल्या गेम्सच्या स्टुडिओत, अमेरिकेत फ्रीमाँटला, मी बग शोधून नोंदवणारा टेस्टर आहे.

आज दुपारी एक गेमर बेसबॉल बॅट घेऊन लॉबीत घुसला. आमच्या गेमच्या हिरोच्या पुतळ्याचं मुंडकं त्याने एका फटक्यात उडवलं. अडवायला गेलेल्या म्हाताऱ्या गार्डचं डोकं फोडलं आणि बॅट टाकून पळाला.

मी ९११ला फोन लावून जखमेवर माझं जॅकेट दाबून बसलो. शेजारी आमचा पुणेकर बॉस मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. म्हणाला, "यार, आपल्या गेममध्ये रक्त असं वाहत नाही. बग टाक ना."

बॅट माझ्या पायाशीच पडली होती.

मी ती उचलली नाही. चुकलं का माझं?