पोलादपूरच्या कोंडवाड्यातली एक आण्याची बोली

सावित्रीच्या खाडीतून लाँच दासगावला लागली आणि जंगलखात्याच्या जुलमाविरुद्धच्या पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून घोटाभर चिखलातूनच मी या मुलखात पाऊल टाकले. महाडपर्यंत बैलगाडी, पुढे पोलादपूरची वाट. दोन्ही हातांना डोंगर, खाली कापलेल्या खाचरांत भाताचे पिवळे खुंट. इकडे भात झोडून झाले की गुरे उनाड (राखणीशिवाय मोकळी) सोडतात. दिवसभर चरतात, सांजेला आपल्या पायांनी गोठ्यात येतात. बापजाद्यांची रीत. पण जंगलखात्याने डोंगर राखीव ठरवून हद्दीचे दगड पुरले, आणि बैलांना ते वाचता आले नाहीत, हा त्यांचा गुन्हा!

मुक्काम पोलादपूरजवळच्या कापडे गावी, भागीरथीबाईंच्या घरी. नवरा मुंबईला गिरणीत; घरी त्या आणि म्हातारे सासरे. पानात नाचणीची भाकर आणि कुळथाची पिठी, अशी तिखट की माझ्या पत्रकांतला जहाल मजकूर तिच्यापुढे अळणी. गोठा मात्र रिकामा होता. एकुलती बैलजोडी जंगलखात्याच्या शिपायाने हाकून पोलादपूरच्या कोंडवाड्यात घातली होती. बाई दंड भरून सोडवायला गेल्या, तर कारकुनाने विचारले, मालक कोण? त्यांनी नवरा मुंबईला असल्याचे सांगितले. मालक हजर नाही, म्हणून जनावरे बेवारशी! आणि बेवारशी म्हणून उद्या लिलाव! जोडी गेली तर पावसाळ्यात नांगर कोण ओढणार?

मी संतापून पत्रकांचा गठ्ठाच काढला. सासऱ्यांनी एक पत्रक उलटसुलट करून पाहिले.

“बैल सुटलं की त्यांना घाला हो पावनं. औंदा पेंढा कमीच हाय.”

सकाळी पोलादपूर गाठले. दगडी गडग्याच्या आत गुरे, बाहेर गाव लोटलेले. शेजाऱ्याचे जनावर लिलावात घ्यायचे नाही, हे आसपासच्या वाड्यांनी ठरवूनच टाकले होते. पण भोरचा एक बैलांचा व्यापारी आला होता. त्याला कसली आणभाक? तो बैलांचे दात पाहत होता. मी त्याला भर उन्हात सरकारच्या जुलमावर व्याख्यान दिले.

“झालं का मास्तर? आता जरा बाजूला व्हा, खूर बघू द्या.”

तेवढ्यात भागीरथीबाई पुढे झाल्या. “घ्या दादा, जोडी गुणाची हाय. वरंध घाटानंच न्याल ना?”

“व्हय. दुसरी वाट हाय कुठं मला?”

“मंग रातचा मुक्काम वरंधातच. वरंध माझं माहेर हाय.”

व्यापाऱ्याचा हात खुरावरच थांबला. घाट चढण्याआधी जनावरे रात्रभर वरंधात बांधावी लागतात. गोठा, पाणी, पेंढा, सगळे गावाच्या मर्जीवर; उघड्यावर ठेवली तर वाघाची चंगळ. लेकीचे बैल नेणाऱ्याला तिच्या माहेरी दावे बांधायला खुंटा कोण देणार?

“एका जोडीपायी घाट बंद करता व्हय माझा!” असे म्हणत तो गडग्यावर जाऊन बसला. “आपली बोली न्हाई.”

कारकून ओरडत राहिला, “बोली बोला! बोली बोला!”

“तुमीच घ्या की रावसाहेब,” गर्दीतून कोणी म्हणाले, “नांगर धराया आमी शिकवू!”

हशा ओसरल्यावर बाईंनी विचारले, “मालकीण नाय म्हनता ना मला? गिऱ्हाईक तरी व्हता येतं का?”

कारकुनाने नियमांचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. “येतं.”

“मंग एक आणा.”

“एक वार!” कारकुनाने व्यापाऱ्याकडे पाहिले. व्यापारी आभाळ पाहत होता. “दोन वार... तीन वार! जोडी भागीरथीबाईंची!”

जो गलका उठला, त्याने डोंगर दणाणला. गळ्यातली घुंगरे वाजवीत बैल कापड्याच्या वाटेला लागले आणि आम्ही जवळजवळ धावतच त्यांच्यामागे.

परतीच्या लाँचमध्ये एका कोटवाल्या गृहस्थांनी ही हकिगत ऐकून मान हलवली. “एका जोडीने काय होणार? कायदा तसाच आहे.”

आहे, तसाच आहे. शिपाई उद्या पुन्हा डोंगर चढेल आणि आम्हीही चढू. पण मालक मुंबईला आहे, ही सबब आता कापड्यात चालायची नाही. त्या जोडीची मालकीण कोण, हे सरकारनेच भरल्या गावासमोर ओरडून सांगितले आहे.