कच्च्या गाण्यांची तबकडी

दुकानात मुलीनं कुठल्याशा रॉक बँडच्या तालमीची तबकडी लावायला सांगितली. "आबा, घेऊ का?"

मी ऐकलं. कुणी तारा पिळतंय, कुणी खोकतंय, गाणं अर्ध्यात सोडून सगळे खिदळतायत. ही काय विकायची चीज झाली? आम्ही भजनी माणसं पखवाजाला कणीक लावून सूर जुळेस्तोवर देवळाचं दार लोटून घ्यायचो. कच्चं गाणं बाहेर जाता कामा नये.

"अहो आबा, त्यातच मजा असते."

"मजा घरी करा म्हणावं!"

तेवढ्यात तबकडीतला एकजण चुकला आणि दुसरा त्याच्यावर खेकसला. आमचा पखवाजी दगडू असाच खेकसायचा. तो गेला. त्याची भजनं कॅसेटवर आहेत, पण ते खेकसणं कुठंच नाही.

"घे बाई," मी चिडूनच म्हणालो, "पण मला पसंत नाही, ध्यानात ठेव."