फिरती काच आणि चौथी खुर्ची

इंदापूरच्या एका शाळेत मी बत्तीस वर्षे विज्ञान शिकवले. भानामती, चकवा, अंगात येणे… या सगळ्यांमागची कारणे मी वर्गात प्रयोग करून दाखवली आहेत. त्यामुळे पुढील प्रसंग लिहिताना मला भीती वाटत नाही. राग येतो, आणि तो अजून उतरलेला नाही.

स्थळ – बारामती, भिगवण रस्त्यावरचे एक नवे चायनीज रेस्टॉरंट. रविवार, सायंकाळचे साडेसात. बाहेर लोक नंबर लावून उभे होते. आम्ही चार वर्गमित्र दर तीन महिन्यांनी एकत्र जेवतो : सांगवीचा तात्या, लोणी देवकरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला दत्ता, कन्हेरीचा रफिक आणि मी. त्या दिवशी तिघेच होतो.

"रफिकला बरं न्हाय. येत न्हाय म्हणला," तात्याने सांगितले. मी मान डोलावली.

टेबल गोल होते. मधोमध काचेची फिरती तबकडी. पदार्थ तिच्यावर ठेवायचे आणि हाताने फिरवून आपल्यापुढे आणायचे. मंचुरियन आले. दत्ताने काच फिरवली, आणि बाऊल रिकाम्या खुर्चीसमोर थांबला. वाढायच्या चमच्याचा दांडाही तिकडेच. दत्ताने पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

मी पाण्याची बाटली काचेवर आडवी ठेवली. ती घरंगळली नाही, म्हणजे उतार नव्हता. बाऊल उचलून काच फिरवली, तर ती कुठेही थांबे. बाऊल ठेवला की… चौथी खुर्ची! उलट दिशेने फिरवून पाहिले. वेटरलाही फिरवायला लावले. सात वेळा.

"मास्तर, हितं बी प्रॅक्टिकल घेतोयस व्हय?" दत्ता हसला. "गिऱ्हाईक बघत्यात. जर्नल आणायचं राहिलं बघ!"

शेवटी मी उठलो आणि रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसलो. आता माझी मूळची खुर्ची रिकामी झाली. काच फिरवली. बाऊल माझ्यापुढून सरकत गेला आणि त्या खुर्चीसमोर थांबला.

दत्ताचे हसू थांबले. तात्याने हातातला काटा खाली ठेवला.

"त्याला सांगितलंच न्हाय मी," तो काचेकडे बघत म्हणाला.

"कुणाला?"

"रफिकला. आरं, हात किती थरथरतोय त्याचा आता! मागं लग्नात माझ्या सदऱ्यावर आमटी सांडली. हितं एवढ्या झकपक हॉटेलात… लोक काय म्हणत्याल?"

माझा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची माणसे वळून पाहू लागली. पाहू देत!

"तात्या, नववीत तुझा हात प्लास्टरात होता. सव्वा महिना तुला डब्यातला घास कुणी भरवला? तेव्हा तुझ्या सदऱ्यावर काय सांडत होतं, ते मोजलं होतं का त्यानं?"

मी तिथूनच रफिकला फोन केला. अर्ध्या तासात तो आला – इस्त्रीचा पांढरा सदरा, केस नीट विंचरलेले. तब्येत ठणठणीत होती. थरथरत होता तो फक्त हात. पहिल्याच घासाला शेजवान सॉस त्याच्या सदऱ्यावर सांडला. तात्याने मुकाट्याने चमचा उचलला आणि त्याच्या तोंडापुढे धरला.

"आरं मी काय बाळ हाय का?" रफिक म्हणाला. तरीही त्याने तो घास घेतला.

त्यानंतर काच कुठेही थांबू लागली. पुढच्या आठवड्यात मी एकटा जाऊन, मालकाची परवानगी घेऊन ती तपासली. दोष सापडला नाही. या घटनेचे स्पष्टीकरण माझ्याजवळ आजही नाही.

परंतु राग त्याचा नाही. वर्गात एका मुलाने दुसऱ्याची हजेरी दिलेली मी कधी चालवून घेतली नाही. त्या संध्याकाळी मात्र तात्याने सांगितलेली गैरहजेरी मी न पडताळता मान्य केली. निघताना रफिक पार्किंगमध्ये माझ्याजवळ आला.

"तात्याचं जाऊ दे," तो म्हणाला. "मास्तर, तू तरी एक फोन करायचास."