वळणावर बसलेला ट्रेलर

अहिल्येला नवऱ्याची अक्कल लग्नाच्या चौथ्या दिवशीच कळली होती. पुढची सगळी वर्षं तिने फक्त खात्री करून घेतली. डहाणूजवळची चिकूची वाडी शांतारामाच्या नावावर होती, पण राबायची अहिल्या. तो डहाणू रोडला चहाच्या दुकानात बसून शेतीवर बोलायचा.

चौसष्ट साली त्याने ट्रॅक्टरला जोडायला लष्कराच्या भंगारातला ट्रेलर आणला. मागे लागोपाठ दोन आस, चार चाकं. वाडीतल्या वळणावर तो मारक्या रेड्यासारखा आडवा व्हायचा. नेमका तिथेच अहिल्येचा चिकू होता. नवी नवरी असताना तिने लावलेलं कलम, घागरीने पाणी घालून जगवलेलं. मागची चाकं फरफटत त्याची मुळं सोलून काढायची.

"झाड काढू," शांताराम म्हणाला.

"ट्रेलर काढा."

"अगं, मिलिटरीचा आहे तो."

"मग लढाईवर पाठवा. माझ्या झाडाशी कसली लढाई?"

शांताराम भांडला असता तर परवडलं असतं, पण त्याने डोकं चालवलं. मागच्या आसाचे स्प्रिंगचे पाटे काढून तिथे लॉरीच्या ट्यूबा कोंबल्या. ट्यूब फुगलेली असली की मागची चाकं भार घेणार, हवा सोडली की हलकी होणार, आणि ट्रेलर पुढच्या दोन चाकांवर गर्रकन वळणार. "नाही वळला तर झाडावर कुऱ्हाड," असं बजावून तो चहाच्या दुकानातली चार रिकामी डोकी बघायला घेऊन आला.

रिकामा ट्रेलर खरंच वळला. मग ड्रायव्हर देवजी खाली उतरून पंप मारत बसला.

"आता काय रे?" अहिल्येने विचारलं.

"फुगवतो काकू. पुढच्या वळणाला परत सोडायची."

"त्यापेक्षा बैलाला पेंढा टाकणं काय वाईट होतं?"

मग माल भरला. गड्यांनी करंड्या मागच्या टोकालाच रचल्या, कारण हात तिथे पोचत होता. शेठचं भाषण चालू होतं, बघणार कोण? वळणावर देवजीने हवा सोडली, मागचा आधार गेला, ट्रॅक्टरच्या जोडाचा खिळा निसटला आणि ट्रेलर खरकट्याला सोकावलेल्या कुत्र्यासारखा ढुंगणावर बसला. बूड थेट चिकूच्या बुंध्याला खेटलं. करंड्या उताराने घरंगळल्या.

"शांतारामशेठ, हा वळला म्हणायचा का?" एकाने विचारलं.

शांताराम लालबुंद. "देवजी, कुऱ्हाड आण."

"शेठ, ट्रेलर मधे हाय. कुऱ्हाड फिरवायला जागा नाय. आधी त्याला उठवायला लागल."

"मग भर हवा."

देवजी पंप शोधू लागला. सगळे चिकूंच्या मागे धावत होते तेव्हा अहिल्या एकटीच विहिरीकडे जाऊन आली होती.

"पंप कुठे आहे?" शांतारामाने विचारलं.

"विहिरीत. बुडी तुम्हीच मारा. तुमच्यात हवा भरपूर आहे, बुडायचे नाहीत तुम्ही."

पाहुणे पोट धरून हसले. शांताराम चहा प्यायला निघून गेला.

दुसरा पंप आणतो, असं तो पुढे मरेपर्यंत म्हणत राहिला. माल बैलगाडीने स्टेशनला जाऊ लागला. ट्रेलर तिथेच गंजला. त्याच्या फळीवर बसून, त्याच चिकूच्या सावलीत अहिल्या फळं निवडायची. किडकं फळ हाती आलं की ते भिरकावताना म्हणायची, "हे मिलिटरीचं."