चंदाचा पत्ता

माझी सासू आनंदाबाई लाखनीत हायवेला टपरीवर तर्री-पोहे विकते. ट्रकवाले पोहे खायला थांबतात म्हणे. खोटं. ते बोलायला थांबतात. कोणी मन मोकळं करायला लागलं की ही स्टोव्ह बारीक करते, झारा खाली ठेवते आणि ऐकत बसते. मधे मधे हूं नाही का चूं नाही. सल्ला मागितला तरी देत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, म्हातारीला कमी ऐकू येतं. मग कळलं, अर्ध्या लाखनीच्या भानगडी हिच्या पोटात आहेत आणि एकही कधी बाहेर पडलेली नाही.

आम्ही ख्रिस्ती. आमच्या प्रार्थनाघराच्या भिंतीवर ऑइलपेंटनं शिकवण रंगवली आहे: आधी ऐका, बोलायची घाई करू नका, रागावायची तर मुळीच नको. मंडळीत सगळ्यांना ती तोंडपाठ, आणि ज्याला त्याला वाटतं की ती शेजारच्यासाठीच रंगवली आहे. माझ्यासाठी तर खासच. माझं डोकं लवकर तापतं, त्यामुळे मी तोंड उघडलं रे उघडलं की शोभाताईंचं बोट भिंतीकडे जातं. शोभाताई म्हणजे आमच्या मंडळीच्या सेक्रेटरींच्या मिसेस. बायकांची बुधवारची प्रार्थना त्याच घेतात, मोबाईलवरचा प्रार्थनेचा ग्रुपही त्याच चालवतात. अख्ख्या जिल्ह्यातले लोक आहेत त्या ग्रुपवर.

धान कापणीच्या दिवसांत चंदा आमच्याकडे आली. सासूच्या मंडळीतल्या मैत्रिणीची मुलगी, चिखल्याला दिलेली. नवरा योगेंद्र खाणीतल्या मालाचा ट्रक चालवतो. तिच्या हाताला प्लास्टर होतं. बाथरूममध्ये पाय घसरला, असं त्यानं दवाखान्यात सांगितलं होतं, आणि तो शेजारी उभा असल्यामुळे तिनंही मान हलवली होती. दुपारभर ती बोलत होती. सासूनं त्या दिवशी धड पोहेही विकले नाहीत.

शेवटी सासू एवढंच म्हणाली, "राय इथं. तू इथं हायेस हे कोणाले सांगाचं, कोणाले नाही, ते तूच ठरव."

चंदाला वाटलं, कोणीतरी आपल्यासाठी प्रार्थना करावी. वाटणारच. तिनं शोभाताईंना बोलावून घेतलं, सगळं सांगितलं आणि म्हणाली, "ताई, हे तुमच्यात आन् देवातच राहू द्या." शोभाताई तिच्यासोबत रडल्यासुद्धा. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, चहा घेतला, घरी गेल्या आणि ग्रुपवर टाकलं: "भगिनी चंदासाठी कळकळीने प्रार्थना करा. पतीच्या मारहाणीमुळे त्या सध्या लाखनीला आनंदाबाईंच्या घरी आश्रयाला आहेत. प्रभू त्यांचे रक्षण करो." खाली आमेनवर आमेन. अहो, रक्षण कर म्हणता आणि पत्ताही वाटता? चिखल्याचे किती जण त्या ग्रुपवर आहेत, याचा एकदा तरी विचार करायचा होता.

दुसऱ्याच दिवशी योगेंद्र टपरीसमोर हजर. चंदा टपरीमागच्या आमच्या घरात कडी लावून बसली. माझं लक्ष कढईतल्या तेलाकडे गेलं. लपवत नाही, मनात आलं होतं.

"स्वाती, तू चूप राय," सासू म्हणाली, आणि तिनं त्याला बाकड्यावर बसवलं.

मला तिचाच संताप आला. आत पोरगी थरथरते आहे आणि ही बाई त्याचं ऐकून घ्यायला बसली. तो बोलत सुटला. बायको माजली, तिच्या आईनं फूस लावली, गावात नाक कापलं. समोर दोन ट्रक ड्रायव्हर खात होते, शेजारचा पंक्चरवाला नंदलाल टायर खाली ठेवून उभा होता. कोणी अडवत नाही म्हटल्यावर त्याचा आवाज चढत गेला.

"हो, मारलं. बायको हाय माही. हात मोडला त काय झालं? आता नेतो आन् पायच मोडतो, मंग पाहू कशी पळते."

"कशानं मोडला हात?" सासूनं विचारलं. अख्ख्या वेळात तिचा हा एवढा एकच प्रश्न.

"जॅकच्या रॉडनं," तो छाती काढून म्हणाला.

सासू उठली. "नंदलाल, ऐकलं ना तू?"

"ऐकलं, मावशी."

दोघं ड्रायव्हरही उभे राहिले. तेव्हा कुठे त्या मूर्खाला कळलं की आपण कोणाकोणासमोर बोललो. शिव्या देत, पुन्हा येतो म्हणत तो निघून गेला. त्याच संध्याकाळी नंदलाल आणि एक ड्रायव्हर चंदासोबत ठाण्यात गेले आणि बाथरूममधल्या घसरण्याचं खोटं तिथं उघडं पडलं. तक्रार लिहून घेतली.

पण पत्ता फुटला तो फुटलाच. चंदाला आमच्याकडे राहणं शक्य नव्हतं. सासूनं तिला सकाळच्या एसटीत बसवून दिलं. कुठल्या गावाला, ते मलाही सांगितलं नाही. मला राग आला. अजूनही आहे.

रविवारी प्रार्थनाघरात उपदेश संपल्यावर मी उभी राहिले आणि शोभाताईंना सगळ्यांसमोर विचारलं, "तिनं तुमाले काय म्हटलं होतं? तुमच्यात आन् देवात. मंग आमच्या सगळ्यांच्या मोबाईलवर कायले आलं?"

बोट भिंतीकडे गेलंच. "स्वाती, आधी ते वाच. मी चांगल्या मनानंच टाकलं होतं. प्रार्थनेसाठीच."

"तुमच्या चांगल्या मनापायी तिचे पाय मोडले असते," मी म्हणाले. पाळकसाहेब शांती, शांती करायला लागले. मंडळीतले दोन-तीन जण माझ्याकडेच डोळे वटारून बघत होते, जसं काही त्या बिचारीचा पत्ता मीच वाटला होता.

शोभाताईंनी तेवढ्यात पर्समधून मोबाईल काढला. "झालं गेलं, आनंदामावशी. आता चंदा कुठे आहे तेवढं सांगा. नाव-गाव घेऊन प्रार्थना करता येईल."

माझी सासू मंडळीत कधी बोलत नाही. ती उठून उभी राहिली.

"प्रार्थना कोणाले करून राहिली तू, शोभा?"

"देवालाच की, मावशी."

"मंग त्याले ठाऊक हाय ते पोरगी कुठं हाय. तू मोबाईल आत ठेव."

शोभाताईंनी मोबाईल आत ठेवला. पाळकसाहेबांनी शेवटचं गीत घ्यायला सांगितलं.