चिठ्ठीची मागची बाजू

मोरीची गोष्ट मी आजवर किती वेळा सांगितली असेल? लग्नाच्या पंगतीत, मुंजीच्या मांडवात — हातवारे करून, आवाज बदलून. लोक पोट धरून हसतात. पण जी सांगतो ती खरी नाही. खरी मी कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतो. बसा जरा.

आधी नेहमीची ऐका, म्हणजे पुढचं कळेल.

बंगळूरला तेव्हा उन्हाळ्यातही पंखा लागत नसे. जयनगरच्या पलीकडे रागीची शेतं होती. आम्ही आठ मराठी घरांनी मिळून तिथे एक साइट घेतली. मोकळ्या जमिनीच्या तुकड्याला आमच्याकडे साइटच म्हणतात. तिच्यावर वठार बांधायचं ठरलं — मधे अंगण, अंगणात विहीर, दोन्ही बाजूंना चार-चार घरं आणि पार टोकाला सगळ्यांना मिळून दोन न्हाण्या.

मी एका कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. लोकांचे नकाशे तपासायचे, चुकलं तिथे लाल शाई लावायची, हेच काम. आमच्यातले वडीलधारे रामचंद्रअण्णा. त्यांनी आपला नकाशाही माझ्याच पुढ्यात टाकला. प्रत्येक घरानं आपली मागणी चिठ्ठीवर लिहून द्यायची, मी ती नकाशात बसवायची आणि चिठ्ठी डिंकानं कडेला चिकटवायची. कचेरीची रीतच तशी. कुणाला दिव्याचा कोनाडा हवा होता, कुणाला दार पूर्वेलाच.

आठवं घर मालतीबाईंचं. पुण्याहून आलेल्या, शाळेत मराठी शिकवायच्या. विधवा, सोबत म्हातारी आई. त्यांच्या चिठ्ठीवर एकच ओळ — ‘स्वयंपाकघरामागे मोरी हवी.’

आता पुण्याची मोरी म्हणजे घरातली धुण्याची, आंघोळीची जागा. आमच्या घरात तिला बच्चल म्हणतात. तीनशे वर्षं कानडी शेजारात काढल्यावर दुसरं काय होणार? आणि कानडीत मोरी म्हणजे रस्त्याकडेचं गटार. मी आपलं स्वयंपाकघरामागे झकास गटार काढून दिलं. गवंड्यांनी बांधलं. बाईंनी हौसेनं मागचं दार उघडलं — समोर गटार! मोरी मागितली, मोरी मिळाली.

इथे लोक हसतात. तुम्हीही हसलात ना?

आता खरी ऐका. चिठ्ठ्या लिहायच्या आधीची एक संध्याकाळ. अण्णांच्या ओसरीवर आठही घरं जमलेली, कॉफीचे पेले फिरत होते आणि मी रंगात आलो होतो. बोलता बोलता म्हणालो, “स्वल्प थांबा, सगळं सरी होईल.” म्हणजे जरा थांबा, सगळं ठीक होईल; आमच्या घरात असंच बोलतात. मालतीबाई शांतपणे म्हणाल्या, “हे मराठी होय? मी आपली कानडी समजून गप्प बसले होते.”

आठही घरं हसली. अण्णा तर डोळे पुसू लागले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. मी लोकांना हसवणारा — माझ्यावर कुणी हसायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. घरी गेलो तेव्हा कान तापलेले होते.

आठ दिवसांनी त्यांची चिठ्ठी हातात आली. मी वाचली. आणि — इथे मी नेहमी थांबतो, आज थांबत नाही — उलटी केली. मागे बारीक, सुरेख अक्षरात लिहिलं होतं, ‘आईला गुडघ्यांमुळे अंगणापलीकडच्या न्हाणीपर्यंत चालवत नाही. आंघोळीची सोय घरातच व्हावी.’

यात न समजण्यासारखं काय होतं?

मी त्याच बाजूला डिंक लावला. चिठ्ठी नकाशावर ठेवली, अंगठ्यानं दाबून कडा नीट बसवल्या. मग लाल शाईत गटार काढलं. रेघ अगदी सरळ आली होती.

पाया खणताना अण्णांना शंका आली. “अरे, बाईंना मागे गटार कशाला रे?” मी नकाशा उलगडून चिठ्ठी दाखवली. म्हणालो, त्यांच्याच हातचं आहे, बघा. अण्णांनी दिसणारी बाजू वाचली आणि मान हलवली. तेव्हा एक शब्द बोललो असतो तर दोन दिवसांचं काम होतं. भिंती उभ्या राहिल्यावर मागे नियमानं मोकळी सोडायची तेवढीच जागा उरली, तिथे आता मोरी बांधता येईना. ते बाईंना समजावून सांगायला मीच गेलो. किती हळहळलो म्हणता! मलाच खरं वाटलं.

त्या वठारासारखे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत. थंडीत अंगणभर अवरेकाईच्या शेंगांचा वास, आठ घरांच्या बायका मिळून सोलायला बसलेल्या, कुणाच्या तरी खिडकीतला रेडिओ सगळ्यांचा. सकाळी धुकं इतकं की विहीर दिसायची नाही. त्या धुक्यातून मालतीबाई आईला घेऊन निघायच्या — एका हातात तांब्याची कळशी, दुसऱ्या हाताला म्हातारी. दर चार पावलांवर थांबत. माझ्या दाराशी आल्या की आजी विचारायच्या, “झाली का कॉफी, बाळ?” मी काहीतरी विनोद करायचो. त्या हसायच्या आणि पुढची चार पावलं टाकायच्या.

दुपारी चारनंतर आजी पाणी पीत नाहीत, हे मला बायकोनं सांगितलं. पुन्हा एवढं चालत जावं लागू नये म्हणून. सहा वर्षं. मग आजी गेल्या.

गेल्या वर्षी अण्णांच्या नातीच्या लग्नात मला पुन्हा उठवलं. मी मोरीची गोष्ट सांगितली, गटाराशी आल्यावर नाक दाबून दाखवलं. मालतीबाई पुढेच बसल्या होत्या, केस पांढरे झालेले. सगळ्यांबरोबर त्याही हसल्या. जेवणानंतर विडा देताना हळूच म्हणाल्या, “चिठ्ठीच्या मागेही लिहिलं होतं मी.”

“हो का, अक्का?” मी म्हणालो. “डिंकाखाली गेलं असेल.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पानावर सुपारी नीट ठेवली.

“सरी,” म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

पुढच्या महिन्यात एका मुंजीत लोकांनी पुन्हा आग्रह केला. मी उठलो आणि सांगितली. नेहमीसारखीच.