लंका लावा

धारूरला आमच्या पाटलांनी रेडिओ आणला तेव्हा मोठी लढाई चालू होती आणि माझा भाऊ लंकेत होता. निजामाच्या मुलखात तारेचे खांब रोवायचं काम करता करता तो पलटणीच्या तारखात्यात भरती झाला आणि समुद्रापलीकडे गेला. आईमागं त्याला मीच वाढवलेला. तो मला अक्का म्हणायचा, म्हणून गावही अक्का म्हणायचं. त्याची खुशाली महिनोन्‌महिने कळायची नाही.

रेडिओ बॅटरीवर चालायचा. दिवेलागणीला पाटील तो ओसरीवर ठेवून हैदराबादच्या बातम्या ऐकत. त्या संपल्यावर खुंटी पिळताना कधीमधी खरखरीतून कोलंबो लागायचं. सगळं बोलणं तमिळ, चाळणीत हरभरे ओतावेत तसं भरभर. पाटलांना त्यात गोडी नव्हती. पण मी पाटलीणबाईंच्या मागं बसून म्हणायची, "पाटील, जरा लंका लावा की."

"कावून लावू? तुला काय समजतंय त्यातलं?"

"समजत न्हाई. पण हाय तर तिकडचं."

ओसरीवरची माणसं टिंगल करायची. "अक्का, रावणाला काय निरोप धाडायचा हाय का?" मी तोंडाची फटकळ. "तुमच्यापरीस त्योच शाना हाय," म्हणून त्यांना गप्प करायची. खरं तर माझा जीव त्या आवाजात अडकला होता. भाऊ जिथं होता तिथून काहीतरी येतंय, एवढ्यावर माझी रात्र सुखाची जायची.

एकदा त्या न कळणाऱ्या बोलण्यातून स्वच्छ हाक आली, "अक्का!" पुरुषाचा आवाज, लाडात आलेला. मी मोठ्यानं "ओ" दिली. सगळी ओसरी हसली. आवाज ओळखीचा नव्हता, पण यंत्रात आवाज बदलतो असं पाटीलच सांगायचे. भाऊ तारखात्यातला माणूस, त्याला कुणीतरी दोन शब्द बोलू दिले असतील, असं मी धरूनच चालले. पुढं ती हाक अधूनमधून यायची. आली की दुसऱ्या दिवशी मी त्याची वाकळ उन्हात टाकायची आणि वाटेकडे बघत बसायची.

लढाई संपली. भावाबरोबर गेलेला युसूफ वडगाव या गावचा एक गडी पलटणीतून सुटून आला, तो मला भेटायला धारूरला आला. मी त्याला भाकरीही न विचारता पाटलांच्या ओसरीवर नेलं. त्या संध्याकाळी नशिबानं कोलंबो लागलं आणि हाकही आली. मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"ते नाटक हाय, अक्का. तिकडं बी थोरल्या बहिणीला अक्काच म्हणत्यात."

मी हिरमुसायला हवं होतं, पण मला झाला तो आनंदच. म्हणजे तिथं घराघरातून माझ्या भावाच्या कानावर माझीच हाक पडत असणार! मग तो मला विसरेल कसा? मी विचारलं, "मग कवा येतो म्हनला?"

तो गडी पायाच्या अंगठ्याकडं बघत बोलला.

"त्यो न्हाई येत. तिथंच लगीन केलंय, तिथल्याच तारखात्यात नोकरी धरलीय. घरात थोरली मेहुणी हाय, लई जीव लावती. तिला बी त्यो अक्काच म्हणतो."

पाटलांनी न सांगता रेडिओ बंद करायला खुंटीला हात घातला. मी म्हटलं, "राहू द्या, पाटील. ऐकू द्या."

त्या न पाहिलेल्या बाईचा मला तेव्हा हेवा वाटला. आज इतकी वर्षं झाली, तरी वाटतो. तिचं काही चुकलं नव्हतं, म्हणून तिला शिव्याही देता येईनात. त्याला परक्या मुलखात अक्का मिळाली. मी माझ्याच गावात भाऊ कुठून आणणार होते?